अळी नसलेली कणसं

लिक्सांद्राला किळस येत असे ती फार थोड्या गोष्टींची. ओल्तेनियाच्या सपाट मुलखात, डॅन्यूबपासून दोन कोसांवरच्या गावात पासष्ट वर्षं काढलेल्या बाईला किळसेची चैन परवडत नाही. दर नाताळात तिनं डुकराची आतडी कोमट पाण्यात उलटी करून धुतली होती. सासू अंथरुणाला खिळली तेव्हा दीड वर्ष तिची पांघरुणं तिनंच विहिरीवर नेली होती. कणसाच्या टोकाशी बसलेली अळी तर तिच्या लेखी घरचंच माणूस. ती नखानं उचलून कोंबड्यांपुढे टाकायची, पोखरलेला काळपट शेंडा सुरीनं उडवायचा आणि उरलेलं कणीस भांड्यात सोडायचं. अळीनं ज्याला तोंड लावलं ते माणसानं खायला हरकत नाही, इतकं साधं तिचं शास्त्र होतं.

तिला किळस होती ती पाण्यानं न निघणाऱ्या गोष्टींची. त्यांतली सर्वांत जुनी म्हणजे गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या झाम्फिरचं हसू.

झाम्फिर आता पंचाऐंशीचा होता. दात गेलेले, एक डोळा पांढरा झालेला. सारं गाव त्याला झाम्फिरदादा म्हणे. लिक्सांद्रा मात्र त्याला ‘मुकादम’ म्हणे. सामूहिक शेत मोडून पंचवीस वर्षं झाली, मुकादमी गेली, घोडा मेला. तरी ती तोच शब्द वापरी. तिच्या हाती असलेली शिक्षा एवढीच होती आणि ती तिनं एक दिवसही माफ केली नव्हती.

गोष्ट त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्यातली. लिक्सांद्रा तेवीस वर्षांची, पहिलटकरीण. मक्याच्या रानात इतर बायकांबरोबर ती खुरपणीला जाई. ते रान पूर्वी तिच्या सासऱ्याचं होतं. सरकारनं घेऊन सामूहिक शेतात घातलेलं. त्या दिवसांत तिला कोवळ्या कणसाचे डोहाळे लागले होते. मक्याच्या समुद्रात दिवसभर उभं राहायचं, त्याचा दुधाळ वास नाकात घ्यायचा आणि संध्याकाळी घरी जाऊन मक्याच्या पिठाची शिळी, घट्ट पेज, ममलिगा खायची. एका संध्याकाळी तिनं सात कणसं तोडून ओटीत घेतली. तिला न्यायला आलेला नवरा, निस्तोर, बांधावर उभा होता. तेवढ्यात घोड्याच्या टापा ऐकू आल्या. निस्तोरनं तिच्या ओटीतली कणसं स्वतःच्या सदऱ्यात ओढून घेतली. मुकादमानं ती तिथं पकडली. चौकशीत निस्तोर म्हणाला, “ही जमीन माझ्या बापाची आहे.” या वाक्याबद्दल त्याच्या थोबाडीत दोन बसल्या. रविवारी ती सात कणसं तारेत ओवून त्याच्या गळ्यात घातली गेली आणि चर्चपासून दुकानापर्यंत त्याची वरात काढण्यात आली. पुढे झाम्फिर चालत होता, हसत. उन्हात कणसं आंबली, माश्या बसल्या. संध्याकाळपर्यंत निस्तोर दुकानासमोर उभा होता आणि गर्दीतून लिक्सांद्रा पोटावर हात ठेवून त्याच्याकडे पाहत होती. कणसं मी तोडली, असं ती म्हणाली नाही. निस्तोरनं नजरेनंच तिला गप्प केलं होतं. पुढे ते गप्प राहणं तिच्या अंगवळणी पडलं आणि सर्वांत मोठी किळस, स्वतःचीच, तिथून सुरू झाली.

निस्तोरनं त्यानंतर कणीस खाल्लं नाही. ममलिगा खाई, मक्याच्या पिठावाचून त्या मुलखात कुणी जगत नाही. पण उकडलेलं कणीस पानात आलं की तो उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसे. लिक्सांद्रा दर ऑगस्टात मुलासाठी कणसं उकडी. तळाशी कोवळी पानं अंथरायची, त्यावर कणसं रचायची, वर कणसांचे केस पसरायचे आणि झाकण घालायचं. पाण्यात मीठ टाकायचं नाही, दाणा चिवट होतो, मीठ वरून. खिडकीतून तिला नवऱ्याची पाठ दिसत राही. चाळीस ऑगस्ट तिनं ती पाठ पाहिली.

जमीन परत मिळाली तोवर गावातली मुलं परदेशी जाऊ लागली होती. गावानं आपली शेतं एका कंपनीला कसायला दिली. डांबरी रस्त्यापलीकडे आता क्षितिजापर्यंत एकाच उंचीचा मका उभा असे. निस्तोरनं घरामागच्या पट्टीत मात्र बापाच्या वाणाचा मका राखला होता. आठ ओळींचा, आखूड, वाकड्या दाण्यांचा. दोन कणसांतलं एक अळीनं धरलेलं. कोंबड्यांसाठी आहे, असं तो सांगे.

गेल्या वर्षी तो आजारी पडला. ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात एका सकाळी त्यानं डोळे न उघडता विचारलं, “नवं कणीस निघालं का गं?”

लिक्सांद्राला वाटलं, भ्रमात बोलतोय. “कुठलं कणीस?”

“आपल्यातलं. मागचं. एक दे मला.”

त्या वर्षी पाऊस उशिरा झाला होता. दाणे अजून पाण्यासारखे होते. “आठ दिवस थांब,” ती म्हणाली. तो तीनच दिवस थांबला.

तिथल्या रीतीप्रमाणे नव्या पिकाचा पहिला घास मेलेल्यांचा. पंधरा ऑगस्टला, मारियामातेच्या सणाला, बायका नवी कणसं उकडून गल्लीतल्या प्रत्येक दारात देतात, सोबत पेटती मेणबत्ती आणि मृताचं नाव. घेणारा पहिला घास खातो आणि म्हणतो, देव त्याला क्षमा करो. इथं जे दिलं तेच तिथं त्याच्यापुढे येतं, अशी श्रद्धा आहे. लिक्सांद्रा देवभोळी नव्हती. पण एका माणसानं चाळीस वर्षांनी एक कणीस मागितलं होतं आणि ते त्याला मिळालं नव्हतं. हे तिच्या दृष्टीनं श्रद्धेपेक्षा पक्कं होतं. वर्षभर तिनं ती पट्टी जपली. जूनमध्ये गारपीट झाली तेव्हा तिनं घरातली सतरंजी नेऊन दोन ओळींवर धरली होती.

सणाच्या आदल्या संध्याकाळी तिनं पट्टीतली भरलेली कणसं तोडली आणि टोपलीत ओल्या फडक्याखाली ठेवली. पहाटे ती धूप घेऊन दफनभूमीत गेली. परतली तेव्हा अंगणात तिवईवरची काहील खदखदत होती आणि तिचा मुलगा सोरिन बाह्या सरसावून लाकडं सारत होता. चाळिशी ओलांडलेला सोरिन स्पेनमध्ये इमारतींवर काम करी आणि दर ऑगस्टात दोन आठवडे येई. शेजारची वेता मेणबत्त्या मोजत ओट्यावर बसली होती.

“आई, तू आता बस,” सोरिन म्हणाला. “सगळं सोलून झालंय. आजचा दिवस मला करू दे.”

लिक्सांद्राला वास वेगळा वाटत होता. घरच्या मक्याला उकळताना भाजलेल्या दुधासारखा वास येई. हा वास ओल्या भुशाचा होता. तिची नजर सोललेल्या पानांच्या ढिगाकडे गेली. तिनं खाली बसून ढीग चाळला. एकाही पानावर अळीची काळी विष्ठा नव्हती. एकही उडवलेला शेंडा नव्हता. भोवती कोंबड्या रिकाम्या चोचींनी उभ्या होत्या.

काहिलीजवळ मिठाचा डबा उघडा होता. तिनं पळीनं काहिलीतलं एक कणीस वर काढलं. वीतभर लांब, ओळी फूटपट्टीनं आखल्यासारख्या, एकही दाणा कमी नाही. तिनं दुसरं काढलं. पहिल्याचाच जुळा भाऊ. तिसरं. एवढ्या कणसांत एक अळी नाही! ज्या मक्याला अळीनं तोंड लावलं नाही तो कुठं उगवतो हे त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

“कुठून आणलीस?”

“काय कुठून?”

“सोरिन, मी आंधळी झालेली नाही. माझी टोपली कुठाय?”

सोरिननं हात पुसले. “हे बघ आई, रागावू नकोस. काय ती तुझी कणसं! कुणाचे निम्मे दाणे गायब, कुणात अळ्या वळवळतायत. बाबांचं वर्षाचं दान आहे. गल्ली काय म्हणेल? स्पेनमध्ये कमावतो आणि बापाच्या नावानं किडे वाटतो? मी पहाटे जाऊन चांगली आणली.”

“कुठून?”

“आपल्याच शेतातून. रस्त्यापलीकडच्या.”

“ते कंपनीकडे आहे.”

“कसायला आहे. कागदावर नाव कुणाचं? बाबांचं. त्याआधी आजोबांचं. आपल्या बापाच्या जमिनीतली चार कणसं आणली तर ती चोरी होते का?”

लिक्सांद्रा लाकडांच्या ओंडक्यावर बसली. ज्या वाक्यासाठी तिच्या नवऱ्यानं थोबाडीत खाल्ल्या होत्या ते वाक्य तिच्यापुढे बाह्या सरसावून उभं होतं. तेव्हा ते खरं होतं, म्हणून त्याची किंमत द्यावी लागली. आज करारावर निस्तोरनं स्वतःच्या हातानं सही केलेली, दर शरदात कंपनीकडून वाट्याचा गहू घरात आलेला, आणि तेच वाक्य आता कुणीही, कधीही, फुकट वापरावं. शब्द तेच राहतात आणि आतून सडतात, हे तिला मांडता आलं नसतं. पण त्याचा वास तिला स्पष्ट येत होता, ओल्या भुशाचा.

वेता ओट्यावरून हसली. “अगं, कशाला एवढं तोंड वाकडं करतेस? सगळी गल्ली तिकडूनच आणते. माझ्या सासूच्या नावानं मी दिली ती काय विकत घेतली होती? मेलेली माणसं पावती मागत नाहीत बाई.”

“तुझी सासू मागणार नाही,” लिक्सांद्रा म्हणाली. “तिनं जिवंतपणी पण कुणाला विचारून घेतलं नव्हतं.”

वेतानं तोंडावर हात धरला आणि पुन्हा हसली. तिला ते लागलं नाही, आवडलंच. लिक्सांद्राला तेही किळसवाणं वाटलं. चोरी सगळेच करतात हे कळल्यावर या गावात कुणाला लाज वाटत नव्हती, उलट हायसं वाटत होतं. जणू घाणीत सगळेच उतरले की ती घाण राहत नाही, अंघोळीचं पाणी होतं.

“माझी कणसं कुठायत?” तिनं पुन्हा विचारलं.

सोरिननं डुकराच्या खोपटाकडे पाहिलं.

डुकराच्या डोणीत तिची कणसं पडली होती. पडली होती म्हणजे उरली होती. डुकरानं दाणे ओरबाडले होते, बुरकुंडं लाळेत लडबडली होती, पानं पायांखाली शेणामुतात कालवली गेली होती. एका तुकड्यावर अजून एक अळी जिवंत होती आणि डुकराच्या श्वासाबरोबर मागे-पुढे हलत होती. डुकरानं मान वर करून लिक्सांद्राकडे पाहिलं. त्याच्या ओठाला कणसाचे केस चिकटले होते. निस्तोरचं कणीस त्याच्या तोंडात होतं. तिनं दाराच्या चौकटीला धरलं आणि आयुष्यात पहिल्यांदा डुकराच्या खोपटात तिला ओकारी आली.

“आई,” मागून सोरिन म्हणाला, “मला काय माहीत तुला एवढं...”

“तुला माहीत नाही, खरंय,” ती तोंड पुसत म्हणाली. “कुणी सांगितलंच नाही तुला. सुरी आण.”

पट्टीत तिनं मागे सोडलेली कणसं होती. आदल्या संध्याकाळी तिनं स्वतःच ती नाकारली होती: काही वेळ होऊन निबर झालेली, काही निम्मीच भरलेली, काही शेंड्यापासून कमरेपर्यंत पोखरलेली. ती मक्याच्या ताटांमधून वाकून हिंडली. पात्यांनी हात कापले. तेरा-चौदा निघाली. अंगणात बसून तिनं ती सोलली, ओंडक्यावर ठेवून पोखरलेले शेंडे तोडले, अळ्या कोंबड्यांपुढे टाकल्या. कोंबड्या धावल्या. प्रत्येक कणसाचे तिनं दोन किंवा तीन तुकडे केले, कारण गल्लीत दारं जास्त होती आणि दार गाळायची रीत नाही. मग वेगळं, लहान पातेलं घेतलं. तळाशी पानं, वर तुकडे, त्यावर केस.

“त्या काहिलीचं काय करू?” सोरिननं विचारलं.

“राहू दे तशीच.”

निबर मका शिजायला वेळ लागतो. ऊन चढलं. वेता कंटाळून घरी गेली. माय-लेक पातेल्याशी बसून राहिले. थोड्या वेळानं तो ओळखीचा वास आला, भाजलेल्या दुधाचा, आणि लिक्सांद्रानं पदराच्या टोकानं झाकण उचललं. तुकडे फुगले नव्हते. वेडेवाकडे, रंगानं मळकट. कुणीही पाहून नाक मुरडलं असतं.

पदरात तुकडे आणि हातात मेणबत्त्या घेऊन ती निघाली. सोरिन टोपली धरून मागे. दारोदारी तिनं तेच म्हटलं, “हे निस्तोरसाठी.” बायकांनी तुकड्याकडे पाहिलं, एकमेकींकडे पाहिलं, पण घास घेतला आणि म्हटलं, “देव त्याला क्षमा करो.” वेता घास चघळत म्हणाली, “दगड आहे गं बाई! पण चव आहे.” लिक्सांद्रा प्रत्येक वेळी आमेन म्हणाली. क्षमा! कशाची?

शेवटचं दार झाम्फिरचं. तो बाकावर उन्हात बसला होता.

“मुकादम, हे निस्तोरसाठी.”

त्यानं तुकडा हातात फिरवून पाहिला. “एवढंसंच? आणि हे काय, कोंबडीनं टोचलेलं? सकाळी तुझ्या अंगणात मोठी काहील होती म्हणे.”

“ती दुसऱ्यासाठी आहे.”

दात नसल्यानं त्याला चावता येईना. त्यानं तुकडा हिरड्यांत धरला आणि चोखू लागला. पाणी हनुवटीवरून ओघळून सदऱ्यावर उतरलं. दाण्याचं एक साल ओठाला चिकटलं. लिक्सांद्रा पाहत राहिली. नजर वळवायची नाही, असं तिनं ठरवलं होतं. अखेर त्यानं तुकडा बाहेर काढून सवयीनं म्हटलं, “देव निस्तोरला क्षमा करो.”

“कशाबद्दल?”

“म्हणजे? तसं म्हणायची पद्धत आहे, पोरी.”

“ती सात कणसं मी तोडली होती, मुकादम. त्यानं नाही.”

मागे सोरिनच्या हातातली टोपली थांबली. झाम्फिरनं बाहीनं हनुवटी पुसली. तो चकित झाला नाही.

“मला काय ठाऊक नव्हतं? घोड्यावर होतो मी. घोड्यावरनं सगळं दिसतं. तुझ्या ओटीतनं त्याच्या सदऱ्यात गेली, पाहिली की मी.”

“मग?”

“मग काय? वरनं हुकूम होता, सुगीच्या आधी गावातला एक जण चारचौघांत दाखवायचा. पोटुशी बाई फिरवली असती तर बायकांनी दगड घेतले असते. तुझा नवरा आपणहून पुढं आला. माझं काम सोपं झालं.” आणि तो हसला, तेच हसू, फक्त आता दातांवाचून. “भला माणूस होता निस्तोर.”

लिक्सांद्राला वाटलं होतं, आपलं गुपित आपल्या दोघांचं आहे. एका खोट्यानं नवऱ्यानं आपल्याला वाचवलं आणि एका गप्प राहण्यानं आपण त्याला बुडवलं. ते खोटं कुणालाच फसवू शकलं नव्हतं. निस्तोरचं मोठेपण आणि तिचा भित्रेपणा, दोन्ही या माणसानं घोड्यावरून पाहून आपल्या सोयीला जुंपले होते आणि रात्री तो शांत झोपला होता. दिलेलं दान परत घेता येत नाही, नाहीतर तिनं तो ओला तुकडा त्या हिरड्यांतून ओढून काढला असता.

“पुन्हा म्हणा,” ती म्हणाली. “क्षमेचं राहू दे. ती मला लागेल, तुम्हाला लागेल. त्याला नको. म्हणा, निस्तोरला पोचो.”

“असं कुणी म्हणतं का?”

“तुम्ही म्हणा.”

तो कुरकुरला, पुन्हा तुकडा चोखला. मग तिच्या पदरातल्या शेवटच्या तुकड्याकडे त्याचा चांगला डोळा गेला. “निस्तोरला पोचो,” तो म्हणाला. “झालं? गोड आहे हे. अजून एक आहे ना?”

“आमेन,” ती म्हणाली आणि वळली. शेवटचा तुकडा तिनं मुठीत धरला होता.

परतताना सोरिन फाटकाशी आल्यावर म्हणाला, “पोटात मी होतो?”

“तूच होतास.”

अंगणात जाळ विझला होता. काहिलीत ती लांबसडक, एकसारखी कणसं कोमट पाण्यात पडून होती. सोरिननं काहिलीचे कान धरले. सगळं डुकराकडे ओतायचं त्याच्या मनात होतं.

“अन्न फेकायचं नाही,” लिक्सांद्रा म्हणाली. “तू खा. वेतालाही बोलव, तिला आवडतील. मीठ तू पाण्यातच टाकलंयस.” मग ओट्याकडे वळता वळता म्हणाली, “फक्त त्याच्यावर बाबांचं नाव घ्यायचं नाही.”

निस्तोर जिथं बसे त्या ओट्यावर ती उभी राहिली. मूठ उघडली. तुकडा गार झाला होता. पोखरलेल्या खाचेत एक अळी राहून गेली होती, शिजून पांढरी झालेली. तिनं ती नखानं काढून कोंबडीपुढे टाकली आणि अंगणाकडे पाठ करून खाऊ लागली.